गॅरेजसमोर शहाणी होणारी गाडी: जुन्या पेट्रोल गाडीचं मिसिंग कसं पकडायचं

"काल दिवसभर मिसिंग मारायली होती, आज तुमच्याकडं आणली तर बघा, कशी गुमान चालायलीय!" जुनी गाडी बाळगणाऱ्यानं हे वाक्य गॅरेजात उभं राहून एकदा तरी म्हटलेलंच असतं. मिस्त्री दोनदा रेस देतो, कान लावतो आणि म्हणतो, प्लग टाकून बघू. प्लग पडतात. पंधरा दिवसांनी वायरी पडतात, मग ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारी कॉइल. गाडी मात्र आपल्या मर्जीनं कधी मिस मारते, कधी नाही.

माझ्याकडं १९९७ची ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळतो तो कार्बोरेटर), ७९६ सीसी, तीन सिलिंडर. प्लग, वायरी, कॉइल असं सगळं बदलून झालं, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, आणि शेवटी दोष निघाला तो वीतभरसुद्धा लांबी नसलेल्या एका वायरीत. तो कसा सापडला ते पुढं येईलच. पण त्या सात-आठ महिन्यांत एक गोष्ट कळली, की येता-जाता होणारं मिसिंग पान्यानं सापडत नाही, नोंदीनं सापडतं. ज्यांनी अजून बोनेटही नीट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिझेल जीप किंवा ट्रॅक्टरला ठिणगी नसते, तिथलं दुखणं वेगळं, ते इथं धरलेलं नाही.

मिसिंग म्हणजे काय

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण येतं, पिस्टन ते दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, भडका उडतो. चारांतली एक गोष्ट चुकली की तो भडका हुकतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर एकेक सिलिंडर मिनिटाला १५०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. त्यातला एखादा हुकला तर कळत नाही. पाच-सात सलग हुकले की मागं बसलेली आई विचारते, "काय झालं रं?"

कायमचं मिसिंग सोपं असतं, कारण ते समोर असतं. आपलं भांडण येता-जाता होणाऱ्याशी आहे.

पाना नंतर, आधी वही

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आणि पेन ठेवा. गाडीनं झटका दिला की थांबून, किंवा शेजारच्याला सांगून, लगेच लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हणाल तर आठवणीत भेसळ होते. काय लिहायचं? इंजिन थंड होतं का तापलेलं. ऊन, पाऊस का धुकं. कितवा गिअर, किती वेग. चढ होता का सपाटी. टाकीत पेट्रोल किती, आणि शेवटचं कधी भरलं. रात्रीचे दिवे चालू होते का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ॲक्सिलरेटरवर पाय किती होता: सोडलेला, अर्धा का पूर्ण दाबलेला.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो. "दुपारी ३. केज ते नेकनूर. तापलेली. चौथा गिअर, ५५. सपाट. पाय अर्धा. चार झटके. पाय पूर्ण दाबला तर गेले." आणि त्याच आठवड्यातली दुसरी: "बीडहून परत. मांजरसुंब्याचा घाट. तिसरा, मग दुसरा. पाय पूर्ण. एकही झटका नाही."

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा माझेच डोळे उघडले. सगळे म्हणत होते पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर चोक आहे. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडी घाटात रडली असती आणि सपाटीला हसली असती. माझी नेमकी उलटी वागत होती.

आठ-दहा नोंदी झाल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. एखादा ढाचा दिसतोच. फक्त पावसात किंवा पहाटेच्या दवात होतं, तर करंट कुठंतरी ओलीतून पळतोय. फक्त चढाला आणि ओझ्यावर होतं, तर पेट्रोल अपुरं पडतंय किंवा ठिणगी अशक्त आहे. तापल्यावर होतं आणि अर्धा तास सावलीत उभी केली की बरी होते, तर कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधला (प्रत्येक प्लगला पाळीनं करंट वाटणाऱ्या डबीतला) इलेक्ट्रॉनिक भाग किंवा पेट्रोलची वाफ. फक्त स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, थरथरते आणि रेस दिली की गुळगुळीत होते, तर बाहेरची हवा आत शिरतेय. खड्ड्यात आदळल्यावर होतं, तर कुठला तरी सांधा ढिला आहे. यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

झटका कसला, तेही बघा

दोन जातीचे झटके असतात. एकात गाडी लंगडते, ठेका धरून, दोन पावलं नीट आणि एक पाऊल खड्ड्यात पडल्यासारखी. मिस्त्री म्हणतात, दोन पिस्टनवर चाललीय. हा एकाच सिलिंडरचा दोष: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह. दुसऱ्या जातीत कुणीतरी चावी क्षणभर बंद करून परत चालू केल्यासारखं होतं, सगळी गाडीच पुढं डोकं आपटते. हा सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेल्या गोष्टीचा दोष: कॉइल, चावीचा स्विच, अर्थिंग, पेट्रोल पंप. हा फरक एकदा पायाला कळला की निम्मं गॅरेज तुमच्या डोक्यात आलं.

बंद इंजिनवर, पाना न लावता

गाडी सावलीत लावा, थंड होऊ द्या. ओम्नी असेल तर पुढची सीट उचला, इंजिन तिथंच आहे. पहिल्यांदा बॅटरीचे टर्मिनल हातानं हलवून बघा. हलले तर तिथंच थांबा, साफ करा, आवळा आणि दोन दिवस गाडी चालवून बघा. मग बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. गंज आणि ऑइलच्या थराखाली ती नावालाच जोडलेली असते.

आपल्याकडं आणखी एक पाहुणा असतो, उंदीर. सोयाबीनची पोती नाहीतर कडबा असलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर वायरी कुरतडलेल्या सापडण्याची शक्यता मोठी. लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा एकेक गुच्छ हातात घेऊन बोटांनी चाचपा. अर्धवट कुरतडलेली वायर खड्ड्यागणिक जोडते आणि तुटते.

आणि चावी. पंधरा चाव्यांचा जुडगा, देवाचं लॉकेट, ओपनर, सगळं एकाच कडीत लोंबत असेल तर स्विचच्या आतला संपर्क झिजतो. इंजिन स्लोवर चालू ठेवून जुडगा हळूच हलवा. इंजिन अडखळलं तर चोर सापडला, आणि फुकटात.

ठिणगी

माझ्या अनुभवात जुन्या पेट्रोल गाडीचं येता-जाता होणारं मिसिंग दहांत सहा-सात वेळा ठिणगीच्या बाजूला निघतं. म्हणून इथं जरा वेळ काढू.

प्लग काढताना आधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहा. वायर ओढायची ती टोपीला धरून, वायरीला नाही. काढलेले प्लग वर्तमानपत्रावर त्याच क्रमानं मांडा. टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर ते सिलिंडर सुखात आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर झटकून बघा, रस्त्याच्या धुळीनं तो आपल्या भागात लवकर गच्च होतो. पेट्रोलनं ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही. ऑइलनं चिकट म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा प्लग फार तापतोय. तिन्ही सारखे असतील तर दोष सामाईक, एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरकडं बोट. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर तो प्लग फेकून द्या, ती तडा असते आणि तापल्यावरच गळते. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, फिलर गेजनं (मापाच्या पातळ पात्यांनी) तपासा. अशा कार्बोरेटरवाल्या गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर चालतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा.

आता वायरी. मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, घ्याच. ओहमवर लावून प्रत्येक वायर दोन्ही टोकांना मोजा. काही हजार ओहम येतील, लांबीप्रमाणे थोडे कमी-जास्त. मोजताना वायर वाकवा, पिळा. आकडा मध्येच पळाला किंवा एकीचा इतरांच्या कितीतरी पट आला तर ती वायर गेली.

यापेक्षा मला आवडते ती अंधारातली परीक्षा. इस्त्रीवाला कपड्यांवर फवारतो तसली पाण्याची बाटली घ्या, बारीक फवारा लावा. रात्री अंगणातला दिवा बंद करा, इंजिन चालू करा, हात आणि उपरणं पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा आणि वायरी, कॉइल, डिस्ट्रिब्युटरची टोपी यांवर नुसतं दव पडल्यासारखं पाणी मारा. करंट गळत असेल तर निळसर जांभळी रेघ वायरीवरून इंजिनच्या अंगावर उडी मारताना दिसते, टिक-टिक आवाज येतो आणि त्याच वेळी इंजिन अडखळतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा पोरांना हाक माराल, एवढं ते देखणं असतं. पेट्रोल कुठं ठिबकत नाही ना, ते मात्र ही परीक्षा करायच्या आधी उजेडात बघून घ्यायचं.

डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजात डेल्को म्हणतात, त्याची टोपी काढून आत बघा. भिंतीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ म्हणजे करंटनं पाडलेली पायवाट. ती घासून जात नाही, टोपी बदलावीच लागते. मधला कार्बनचा ठिपका झिजलेला, आत फिरणाऱ्या रोटरचं टोक जळालेलं, आत ओल, हेही बघा.

एक इशारा. चालू इंजिनवर प्लगची वायर उपसून "ह्या सिलिंडरला करंट आहे का" बघायची जुनी सवय पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या आधीच्या, काळातली आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये जबर झटका बसतो आणि इग्नायटर किंवा कॉइल जाऊ शकते. इंजिन बंद करा, ती वायर एका जुन्या प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून बांधा, मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. जाड निळी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, चुकत पडणारी वाईट.

ओम्नीला एलपीजी किट असेल तर तुमच्याकडं फुकटची प्रयोगशाळा आहे. फक्त पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर नाही, तर ठिणगी सोडा, पेट्रोलची बाजू धरा. दोन्हीवर मिसिंग, तर ठिणगी किंवा इंजिनचं पोट, म्हणजे आतले व्हॉल्व्ह, रिंग. आधी गॅसवर सुरू झालं आणि पेट्रोलवर अजून बरं आहे, तर ठिणगी म्हातारी होतेय, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं.

माझ्या ओम्नीची वायर

परभणीच्या एका गॅरेजात, जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून सांगितलेले एक चाचा होते. मी वही पुढं केली. त्यांनी ती उलटीसुलटी करून वाचली, "पाय अर्धा" या शब्दांवर बोट ठेवलं आणि सीट उचलली. कार्बोरेटरपासून डेल्कोवरच्या चपट्या डबीला जाणारी बारीक रबरी नळी कार्बोरेटरकडून काढली, उघड्या तोंडात एक खिळा खुपसला आणि नळीचं मोकळं टोक चक्क तोंडात धरून हवा ओढली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. सोडून परत चालू केलं, परत ओढलं, परत बंद. "भाऊ, आठ महिने काय करायलाव?" एवढंच म्हणाले.

झालं असं होतं, की अर्ध्या पायानं सपाटीला जाताना इंजिनची ओढ त्या नळीतून डबीपर्यंत पोचते, डबीतला पडदा डेल्कोच्या आतली पट्टी थोडी फिरवतो, म्हणजे ठिणगी जरा आधी पडते. त्या पट्टीबरोबर पिकअप कॉइलच्या (ठिणगी कधी टाकायची याचा इशारा देणाऱ्या भागाच्या) दोन बारीक वायरी हलतात. वर्षानुवर्षं हलून एकीची तार आतल्या आत तुटली होती, वरचं आवरण शाबूत. पट्टी फिरली की तार सुटायची, तिन्ही सिलिंडरची ठिणगी एकदम जायची. घाटात पाय पूर्ण दाबला की ओढ जवळजवळ संपते, पट्टी जागेवर येते, तार जुळते. स्लोवरही तेच. गॅरेजात गाडी कायम स्लोवर किंवा मोकळ्या रेसवर बघितली जाते, म्हणून तिथं ती शहाणी.

ही परीक्षा घरी करायची तर नळी तोंडात धरायची गरज नाही. नळी काढून कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा आणि त्याच रस्त्यानं चालवून बघा. गाडीचा जोर थोडा कमी वाटेल, पण झटके पूर्ण गेले तर डेल्कोच्या आतल्या वायरी बघायला सांगा.

पेट्रोल

बिडी-सिगरेट लांब, मोबाइल बाजूला, जवळ वाळूची बादली. पहिली परीक्षा टाकीच्या झाकणाची. झटके सुरू झाले की गाडी थांबवून झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी नीट पळाली तर झाकणाचा श्वास कोंडलाय. चिखल-धुळीनं ते बारीक भोक बुजतं.

मग फिल्टर. चढाला रडणं, पाच मिनिटं थांबलं की बरं होणं आणि पुन्हा रडणं, ही त्याची खूण. महाग नाही, बदलून टाका, पण जुना कापून आतला गाळ बघा. तांबूस असेल तर टाकी गंजलीय आणि नवा फिल्टरही महिन्यात भरेल.

पावसाळ्यात किंवा बरेच दिवस उभ्या गाडीत पाणी बघा. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर ते पाणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांतूनही ते निघतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि फार ओल झाली की पाण्यासकट खाली बसतं. नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे रबरी पाइप, डायफ्राम आणि वॉशर याचा विचार करून बनलेले नव्हते. पाइप मऊ, फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर बदला. अशी गाडी दोन-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. मे महिन्यात नांदेड-परभणीकडं पारा ४२-४३ वर जातो, त्यात ओम्नीचं इंजिन सीटखाली कोंडलेलं. पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप वाफेला रेटू शकत नाही. लांबून आलात, चहाला थांबलात, आणि निघताना गाडी आचके द्यायला लागली तर पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका, वायरींवर नाही. पाच-दहा मिनिटांत सुधारली तर निदान झालं. नळी सायलेन्सरच्या पाइपला टेकत नाही ना, तेही बघा.

कार्बोरेटर खोलणं नवख्यानं शेवटी ठेवावं. गाडी मिसिंग मारायली की "कचरा आलाय" म्हणून पहिला हात त्यालाच लागतो. जेट साफ होतात, पण त्या नादात स्लोचा स्क्रू, फ्लोट आणि गॅस्केट अशी तीन नवी दुखणी जन्माला येतात.

हवा आणि इंजिनचं पोट

स्लोवर थरथर असेल तर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एकेक करून पक्कडीनं हलकेच दाबा. एखादी दाबल्यावर इंजिन सुधारलं तर तिच्या पुढं गळती आहे. काही जण तिथं कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनवर तो पेट घेतो, मी करत नाही. पाण्याचा फवाराही काम भागवतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून बघा. एकसारखी फडफडली तर ठीक. मध्येच आत ओढली गेली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाल्याची शंका घ्या, गॅसवर फार चाललेल्या गाडीत जास्तच. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप फार कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गरम झाल्यावरच स्लोवर मिसिंग येतं; सेटिंग करून घेणं स्वस्त आहे. खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावायला सांगा. आकडा किती यापेक्षा तिन्हींत फरक किती ते विचारा. एक बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल, त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजल्यावर चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सकाळी पहिल्या मिनिटालाच लंगडणं, पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत जाणं हे तिन्ही एकत्र असेल तर हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे किती वेळा सांगितलं तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतंच.

एमपीएफआय (इंजेक्टरवाली गाडी) असेल तर

रीत तीच, वहीसुद्धा तीच. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आणि सेन्सर आले एवढंच. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावा, तो दोषाचा कोड दाखवतो. पी ०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०१ म्हणजे पहिल्यात, पी ०३०२ दुसऱ्यात. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर २०१३ नंतरच्या गाड्यांना सहसा लागतात, त्याआधीच्या गाड्यांत नशिबावर आहे. तापल्यावर एकदम बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल तर क्रँक सेन्सर तपासायला सांगा, तो माझ्या पिकअप कॉइलचाच भाऊ. मिसिंग चालू असताना अशी गाडी फार पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो फार महागात पडतो.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख टाका. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर नेमकं काय होतं ते कधीच कळणार नाही, आणि दुखणं परत आलं तर तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर. काढलेला पार्ट चांगला असेल तर फेकू नका. माझी जुनी कॉइल, वायरींचा सेट आणि तीन प्लग ओम्नीच्या मागच्या सीटखाली पोत्यात बांधलेले आहेत, तिन्ही धडधाकट.

मग जिथं झटके यायचे त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला, तेवढ्याच वेगानं गाडी न्या. मी चार दुपारी केजहून नेकनूरपर्यंत गेलो, चौथा गिअर, ५५, पाय अर्धा. पाचव्या दिवशी वही घरीच विसरली.